कोऱ्या चहाची चव आणि बुलढाण्याचं पाणी

एकाच डब्यातली चहापत्ती घ्या. बुलढाणा शहरात येळगाव धरणाच्या पाण्यात तिचा कोरा चहा केला, तर कपात तांबूस, नितळ रंग उतरतो. घाट उतरून संग्रामपूर-शेगावच्या पट्ट्यात एखाद्या खाऱ्या बोअरच्या पाण्यात तीच पत्ती तेवढाच वेळ ठेवली, तर रंग काळपट येतो, चकाकी जाते आणि चव जिभेवर सपाट पसरते. पत्ती तीच, भांडं तेच, करणारा हात तोच. बदललं ते फक्त पाणी.

कोऱ्या चहात अद्रक चांगलं की गवती चहा, विलायची की तुळस, सुंठ की लिंबू, याची चर्चा घरोघरी चालते. ती चवीने करता येते, आणि थोडी शिस्त पाळली तर नेमकेपणानेही करता येते. पण आपल्या जिल्ह्यात तरी सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. ते ठरलं नाही तर पुढची सगळी तुलना डळमळीत राहते.

तुलनेला कोराच चहा का घ्यायचा, तेही सांगायला हवं. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतं. त्यामुळे दुधाच्या चहात तुरटपणा दबतो आणि त्याबरोबर पत्तीचे, पाण्याचे, मसाल्याचे बारकावेही दबतात. कोऱ्या चहात झाकायला काही नसतं. एरवी हा चहा आपण पोट बिघडलं की लिंबू पिळून पितो, सर्दी झाली की अद्रक ठेचून पितो, किंवा घरात दूध संपलं म्हणून पितो. म्हणजे बहुतेक वेळा नाइलाजाने. खरं तर चव ओळखायला शिकायचं असेल तर याच्याइतकं स्वस्त आणि सोपं साधन दुसरं नाही.

जिल्ह्याचे तेरा तालुके. बोलताना आपण त्यांचे दोनच भाग करतो: घाटावरचे आणि घाटाखालचे. वर बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. हीच विभागणी चहाच्या कपातही दिसते. घाटावर काळ्या बेसाल्ट खडकातल्या विहिरी आहेत. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट येतात. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ही त्याची घरगुती ओळख. घाटाखाली पूर्णा नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाचा खोल थर आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. इथल्या पाण्यात सोडियमचे क्षार जास्त. या गावांसाठी पाण्याचा प्रश्न चवीपुरता कधीच नव्हता, तो आरोग्याचा आहे. म्हणून तर वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गाव पाणीपुरवठा योजना आखली गेली. चहासाठी जे पुढे सांगतो आहे त्यात हे विसरलेलं नाही. खारं पाणी पिऊन पाहा असं सुचवण्याचा हेतू मुळीच नाही. पाण्याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो, तेवढं पुरे.

तो असा पाहा. काचेचे तीन सारखे ग्लास घ्या आणि एकाच भांड्यातला गाळलेला कोरा चहा तिन्हींत सारखा ओता. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. तिसऱ्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. सोड्याचा ग्लास बघता बघता गडद, काळपट तपकिरी होतो. लिंबाचा ग्लास उजळून सोनेरी पिवळा होतो. कोणत्याही ग्लासात रंग नव्याने घातलेला नाही. चहाला तांबडा-तपकिरी रंग देणारे थिअरुबिजिन नावाचे घटक सौम्य आम्ल असतात. पाणी अल्कधर्मी झालं की त्यांचा रंग गडद होतो, आम्ल झालं की फिका. बायकार्बोनेट जास्त असलेलं पाणी सोड्याचंच काम हळू आणि कमी प्रमाणात करतं. म्हणून गडद रंग दिसला की चहा कडक झाला, असं समजू नये. आपल्याकडे ही गल्लत फार होते: रंग बघून पत्ती कमी केली जाते आणि मग चहा काळाही दिसतो, पाणचटही लागतो.

लोणारला हे टोकाला गेलेलं दिसतं. सरोवराचं पाणी सोड्याने इतकं भरलेलं आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो; ते पिण्याचं पाणीच नाही. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार वाहते. एकाच जागी दोन टोकांची दोन पाणी असलेली ठिकाणं जगात थोडी असतील, आणि त्यातलं एक आपल्या जिल्ह्यात आहे.

जड पाण्याची आणखी एक खूण म्हणजे कोऱ्या चहावर येणारा तवंग. कप थोडा वेळ ठेवला की वर तपकिरी, किंचित चमकणारा पापुद्रा जमतो आणि कपाच्या कडेला रेघ सोडतो. पुष्कळांना ती पत्तीतली भेसळ वाटते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या स्पायरो आणि जगान्यी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या तवंगाचा कसून अभ्यास केला आणि १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो मांडला. पाण्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि हवेतला प्राणवायू हे तिन्ही असले, की चहातले घटक पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण होऊन पापुद्रा धरतात. लिंबू पिळलं की तो होत नाही, कारण आम्लाने बायकार्बोनेट संपतं. या तवंगाशी आणखी एका गोष्टीची गफलत करू नका. कडक कोरा चहा थंड झाला की सगळाच गढूळ होतो. तिथे कॅफीन आणि चहातले रंगद्रव्य घटक थंडीत एकमेकांना धरून बसतात. पुन्हा गरम केला की तो निवळतो. हा पत्तीचा दोष नाही, उलट चहात दम असल्याची खूण आहे.

मग तुलनेसाठी कोणतं पाणी घ्यावं? धरणाचं नळाला आलेलं पाणी मिळत असेल तर उत्तम. विहिरीचं जड पाणी असेल तर ते आदल्या दिवशी दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून निवू द्या, आणि तळाशी बसलेला पांढरा साका न हलवता वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढा. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा यात बराच जातो. सोडियमचा खारेपणा मात्र उकळून जात नाही. पाणी आटलं की तो उलट वाढतो. तिथे जारचं किंवा घरच्या आरओचं पाणी घ्यावं. या पाण्यात क्षार फारच कमी उरतात, त्यामुळे चहा उजळ होतो आणि तुरटपणा जरा धारदार लागतो. हेही चालतं. अट एकच: तुलनेचे सगळे कप एकाच पाण्याचे हवेत. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने तिथे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळतं, मलकापूरला ९९ च्या जवळपास. हा फरक विसरला तरी चालेल.

पत्तीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे रोज वापरली जाते ती दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी: पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी करून वाळवलेलं. ही पद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात निघाली. पान चिरडल्यावर हवेने त्याचं ऑक्सिडीकरण होतं. त्यातून चकचकीत नारिंगी थिअफ्लेविन आणि गडद थिअरुबिजिन तयार होतात. दाणा जितका बारीक तितका चहा लवकर आणि कडक उतरतो. डस्ट दोन मिनिटांत उतरते, मोठ्या दाण्याच्या ममरीला जास्त वेळ लागतो. म्हणून दोन सुगंधांची तुलना करताना एका कपात डस्ट आणि दुसऱ्यात ममरी घेतली तर आपण सुगंधाची नव्हे, दाण्याची तुलना करत बसतो. सुटी पत्ती घेत असाल तर एकदा तपासून घ्या. पांढऱ्या टिपकागदावर थोडी पत्ती पसरा, पाण्याचे थेंब शिंपडा, मग पत्ती झटकून कागद नळाखाली धरा. रंगाचे डाग राहिले तर पत्तीला वरून रंग दिलेला आहे. तिची चव बघायची गरजच उरत नाही.

चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते पहिल्यांदा १९८० साली आलं. त्यात दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं वेळ सांगितली आहे. हे काही चांगला चहा करण्याचं माप नव्हे. असा चहा प्यायला कडकच होतो. पण त्यात दोष लपत नाहीत आणि प्रत्येक वेळी निकाल सारखा येतो, म्हणून ते ठरवलेलं आहे. घरी वजनकाटा असेल तर वापरा. नसेल तर एकच चमचा घ्या, तो सुरीच्या पात्याने सपाट करा, आणि सगळ्या कपांना तोच चमचा ठेवा. शीग लावलेल्या चमच्यांत दर वेळी फरक पडतो.

सुगंधी कोरे चहा शेजारी शेजारी ठेवून बघायचे तर मला सगळ्यात पटलेली रीत अशी आहे. चहा आणि सुगंध वेगवेगळे काढायचे आणि कपात एकत्र करायचे. म्हणजे असं: एका भांड्यात दर १०० मिलिलिटरला ४ ग्रॅम पत्ती घालून कडक कोरा चहा करा. पाणी उकळलं की गॅस बंद, पत्ती घाला, झाकण ठेवा, चार मिनिटांनी गाळा. दुसरीकडे छोट्या भांड्यांत अद्रक, गवती चहा, तुळस, विलायची, जे तुलनेला घ्यायचं असेल त्याचं वेगवेगळं पाणी काढा. मग प्रत्येक कपात अर्धा कडक चहा आणि अर्धं त्या त्या सुगंधाचं पाणी. एका कपात अर्धा चहा आणि अर्धं साधं गरम पाणी. हा कप सगळ्यांच्या मध्ये ठेवायचा आणि प्रत्येक घोटानंतर त्याच्याकडे परत यायचं. या रीतीने सगळ्या कपांत चहाचा भाग नेमका सारखा राहतो. अद्रक जास्त वेळ उकळलं म्हणून त्या कपातला चहाही कडक झाला, असा घोळ होत नाही. कप आतून पांढरे असावेत, रंग दिसायला हवा. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही.

चाखण्याआधी तासभर पान, तंबाखू, सुपारी, कांदा-लसूण काही नको. सकाळी न्याहारीपूर्वीची वेळ चांगली. कप भरल्यावर लगेच तोंडाला लावू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा धोकादायक ठरवलं आहे, आणि तसंही भाजलेल्या जिभेला सुगंध कळत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीची बशी या कामाला अगदी योग्य आहे. बशीत ओतलेला चहा पटकन निवतो आणि भुरका मारताना चहाबरोबर हवाही तोंडात जाते. व्यावसायिक चहा-चाखणारेही असाच मोठ्याने भुरका मारतात. हवेमुळे सुगंध तोंडाच्या मागून नाकात चढतो, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग तिथे कळतो.

हे स्वतः पाहायचं तर नाक चिमटीत धरून गवती चहाचा कप प्या. जवळजवळ साधा कोरा चहाच लागेल: थोडा कडू, थोडा तुरट. नाक सोडा, आणि गवताचा लिंबासारखा दरवळ एकदम येईल. आता तेच अद्रकाच्या कपाला करा. नाक बंद असूनही घशात जळजळ जाणवेल. कारण अद्रकाचा तिखटपणा हा वास नाही, आणि गोड-आंबट-खारट-कडू यांच्यासारखी चवही नाही. उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या नसांना तो चेतवतो. म्हणून प्रत्येक कपाला तीन प्रश्न विचारायचे. जिभेला काय लागलं? नाकाला काय आलं? घशाला, हिरड्यांना काय जाणवलं? तुरटपणा हा तिसऱ्या प्रश्नाचा भाग. चहातले घटक लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. तो घोटागणिक साठत जातो. पाचव्या कपाला तुरट म्हणण्याआधी ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चावून, पाणी पिऊन थोडं थांबा.

आता एकेक सुगंध.

गवती चहापासून सुरुवात करावी, कारण तो सगळ्यात स्वच्छ कळतो. अंगणातल्या न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारं हे गवत. त्याच्या पात्यातला सुगंध मुख्यतः सिट्रालचा. सिट्राल हवेत लगेच उडून जातं, म्हणून पाती कात्रीने बारीक कापा, उकळत्या पाण्यात टाका, झाकण ठेवून दोनच मिनिटं उकळा आणि झाकलेलंच निवू द्या. उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळत ठेवलेल्या गवती चहाने स्वयंपाकघर दरवळतं आणि कपात फक्त गवताची कच्ची चव उरते. दोन्ही तऱ्हेचं पाणी काढून शेजारी ठेवलं तर झाकणाची किंमत कायमची लक्षात राहते. सुकवलेल्या पात्यांत सिट्राल कमी उरतं. तिथे पाती थोडी जास्त घ्यावीत.

अद्रकाचं वागणं उलटं. त्याचा तिखटपणा जिंजेरॉलमुळे येतो आणि तो उकळून सहज जात नाही. तीन-चार मिनिटं उकळलं तर पाण्यात नीट उतरतो. पण ताज्या अद्रकाचा लिंबासारखा हलका वास मात्र उकळताना उडतो. म्हणून अर्धं अद्रक सुरुवातीला ठेचून आणि अर्धं गॅस बंद केल्यावर किसून घातलं तर दोन्ही मिळतात. सुंठ ही केवळ वाळलेलं अद्रक समजून त्याच मापाने घालू नये. वाळताना जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल होतो आणि तो जास्त जहाल असतो. सुंठेचा कप आधी शांत लागतो, मग घशात उशिरा पण बराच वेळ राहणारी ऊब देतो. ताज्या अद्रकाचा कप आधी चटका देतो आणि लवकर ओसरतो. माझ्या मते कोऱ्या चहाला सुंठ जास्त शोभते, कारण तिची ऊब चहाच्या तुरटपणाच्या मागून येते. दोघं एकमेकांवर धावून जात नाहीत.

तुळस आणि लवंग शेजारी ठेवून बघा. दोन्हींमध्ये युजेनॉल असतं. लवंगेत ते भरपूर, तुळशीत कमी आणि पानागणिक बदलतं. म्हणून तुळशीच्या चहात लवंगेची पुसट ओळख पटते. लवंगेचं युजेनॉल जीभ बधिर करतं. दातदुखीवर लवंगतेल लावतात ते त्यामुळेच. तेव्हा लवंगेचा कप नेहमी शेवटी. आधी घेतला तर पुढचे सगळे कप फिके लागतील. मिरीही शेवटाकडेच. दालचिनी घातलेला कोरा चहा साखर नसतानाही किंचित गोड वाटतो, आणि बडीशेप तर खरोखरच गोड लागते. या दोघींना कमी हाताने घालावं.

विलायची सालीसकट ठेचून, गॅस बंद केल्यावर, झाकण ठेवून पाच मिनिटं. एवढंच तिला हवं. दाणे आधी पूड करून डब्यात ठेवले तर आठवड्याभरात सुगंधाचं टोक बोथट होतं. दुधाच्या चहात विलायची गोड, मऊ लागते. कोऱ्या चहात तिच्यातला सिनिओलचा थंड, किंचित निलगिरीसारखा भाग पुढे येतो. पुष्कळांना ही तीच विलायची आहे हे पटत नाही. हा कप साध्या कपाशी नक्की लावून बघा.

लिंबाचं वेगळं. बाकी सगळे चहात भर घालतात, लिंबू मूळ चहाच बदलतं: रंग उजळतो, तवंग जातो, कडूपणा मागे सरतो. म्हणून लिंबाचा कप दोनदा करावा लागतो. एकात रस, दुसऱ्यात फक्त सालीचा वरचा पिवळा किस. रसाच्या कपात आंबटपणा. सालीच्या कपात रंग आहे तसाच आणि नाकाला सुगंध. लिंबाचा वास आणि लिंबाचा आंबटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे जिभेवर कळतं. रस नेहमी गाळल्यावर पिळावा. उकळत्या चहात पिळला तर वास उडतो आणि कडवटपणा येतो.

सालीवरून संत्र्याकडे यायला हवं. जगात सगळ्यात गाजलेला सुगंधी काळा चहा म्हणजे अर्ल ग्रे. त्यात दुसरं काही नसतं, काळ्या चहाला बर्गामोट नावाच्या आंबट फळाच्या सालीचं तेल लावलेलं असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागात पिकतं. त्या तेलातला लिनालूल हा सुगंधी घटक काळ्या चहाच्या पानातही मुळात असतो, आणि म्हणून दोघांचं इतकं जमतं. आपल्याकडे बर्गामोट नाही, पण सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. संत्रं धुऊन, पुसून साल काढा, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका, कारण कडूपणा त्यातच आहे, आणि साल सावलीत कडकडीत वाळवा. दोन कपांना नखाएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. अर्ल ग्रेची नक्कल होत नाही. बर्गामोटमध्ये फुलांचा वास आहे, संत्र्याच्या सालीत लिमोनीनचा मोकळा, गोडसर. हा आपला स्वतंत्र चहा आहे, आणि मला वाटतं जिल्ह्यातल्या कोऱ्या चहांत याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं आहे. ज्या पट्ट्यात संत्र्याच्या साली उकिरड्यावर जातात तिथे त्या चहाच्या डब्याशेजारच्या बरणीत जायला हव्यात.

विकत मिळणाऱ्या सुगंधी चहाच्या पुड्यांची तुलनाही याच रीतीने होते. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार सुगंध मिसळलेल्या चहाच्या पुड्यावर तसं छापावं लागतं. आधी ते वाचा, मग पत्ती पांढऱ्या ताटलीत पसरा. विलायचीची सालं, सुंठेचे कण, पात्यांचे तुकडे डोळ्यांना दिसतात का? दिसत नसतील तर सुगंध वरून लावलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण तो वागतो वेगळा. पुडा उघडताच भपकारा येतो, महिन्याभरात ओसरतो, आणि एकदा वापरलेल्या पत्तीवर पुन्हा गरम पाणी ओतलं की बहुधा उरत नाही. खऱ्या तुकड्यांचा सुगंध सुरुवातीला बेताचा असतो, पण दुसऱ्या पाण्यातही थोडा येतो. घरी डबा कुठे ठेवला आहे तेही बघा. चहापत्ती आसपासचा वास लगेच धरते. हिंगाच्या डबीशेजारच्या चहाला हिंगाचाच वास येतो.

साखर पहिल्या फेरीत नको. दुसऱ्या फेरीत सगळ्या कपांना सारखी, म्हणजे पाण्यात विरघळवून पाक करून मोजून घालावी. गोडाने कडूपणा दबतो आणि विलायची, दालचिनी पुढे येतात. गूळ घातला तर तो स्वतःची चव आणि रंग घेऊन येतो, त्यामुळे गुळाचा कप साखरेच्या कपांशी ताडू नये. गुळाचे कप गुळाच्या कपांशी. मिठाचे दोन कण टाकून बघण्यासारखे आहेत. सोडियमने कडूपणाची जाणीव कमी होते. खारट पाण्याचा चहा कडू न लागता नुसता सपाट का लागतो, त्याचं एक कारण इथे सापडतं. आणि हे सगळं जेवणाबरोबर नको. काळ्या चहातले तुरट घटक भाजी-भाकरीतलं लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. ज्या घरांत बायकांच्या रक्तात लोह कमी आहे तिथे जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावंच.

आपल्याला फरक खरंच कळतो की नुसता वाटतो, हे तपासण्याची एक जुनी, खात्रीची पद्धत आहे. घरातल्या कोणाला तरी, वहिनींना किंवा मुलीला, तीन कप भरायला सांगा: दोन एकाच चहाचे, एक वेगळा. खूण कपाच्या बुडाशी, आपल्याला न दिसेल अशी. आपण डोळे मिटून तिन्ही चाखायचे आणि वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येईल. पण सहा वेळा करून पाच वेळा बरोबर आलं, तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी. दोन पुड्यांच्या चहात आपल्याला फरक ओळखता येत नसेल, तर स्वस्तातला घ्यावा.

एवढं जमलं की पाणी बदला. घाटाखालच्या पाहुण्यांकडे पिण्याच्या नळाचं पाणी असेल त्याची बाटली घाटावर आणा, घाटावरची खाली न्या, आणि त्याच पत्तीचे, त्याच सुगंधांचे कप दोन्ही पाण्यांत करून ठेवा. अद्रक आणि सुंठ दोन्हीकडे जवळपास तशीच राहतात, कारण तिखटपणाला पाण्याने फारसा फरक पडत नाही. चहाचा स्वतःचा भाग जिथे पाणी अल्कधर्मी तिथे मंद होतो, म्हणून त्या पाण्यात सुगंधाचं माप थोडं कमी ठेवावं, नाहीतर चहा मागे पडून काढाच उरतो. लिंबू मात्र जास्त लागतं. रसातल्या आम्लाचा काही भाग आधी बायकार्बोनेट संपवण्यात खर्च होतो, आणि त्यानंतर जे उरतं तेच जिभेला आंबट लागतं. एका पाण्यात कपाला सहा थेंब पुरत असतील तर जास्त अल्कधर्मी पाण्यात आठ-दहा पिळून बघा, रंग सोनेरी होईपर्यंत.